यझ्दीची कव्हरं आणि क्लिअर कोट

कोल्हापूर, ४ मे

प्रिय संजय,

फोटो मिळाले. तुझ्या यझ्दी मोटरसायकलच्या इंजिनाची ॲल्युमिनियमची कव्हरं ब्लास्ट होऊन, म्हणजे दाबाने बारीक मणी मारून साफ होऊन आली, तो मऊ रुपेरी रंग बघून जीव सुखावला. पण त्यावर डब्यातला क्लिअर स्प्रे, म्हणजे पारदर्शक लॅकर, मारू नकोस, एवढं माझं ऐक.

मी तेच केलं होतं. उद्यमनगरातून ग्लास बीड, म्हणजे काचेचे बारीक मणी, मारून आणलेली कव्हरं उघड्या हातांनी उचलली आणि त्याच संध्याकाळी स्प्रे मारला. महिनाभर झकास दिसली. मग कार्ब्युरेटर ठिबकला आणि पेट्रोल लागलं तिथला थर मऊ पडून सुटला. पावसाळ्यानंतर तर खडी लागून टवका उडालेल्या जागेपासून लॅकरच्या आत अळीसारख्या पांढऱ्या रेघा पसरल्या. बोटांचे ठसे आतच उमटलेले, वरून पुसायची सोय नाही. सगळं काढून पुन्हा ब्लास्टिंग करावं लागलं, फार वाईट वाटलं रे.

ब्लास्ट केलेल्या ॲल्युमिनियमच्या बारीक खाचांत घाम, तेल, मीठ सगळं बसतं. तुझ्याकडे रत्नागिरीला तर हवाच खारी. म्हणून कव्हरं उघडीच ठेव. जमलं तर वेपर ब्लास्टिंग करून घे. पाण्यासोबत मणी मारले की पृष्ठभाग गुळगुळीत होतो, मळ कमी धरतो. वरून मेणाचा पातळ हात दे, तो अधूनमधून पुन्हा द्यावा लागेल. पण डाग पडला तर निदान हात पोचतो.

चाकांच्या मधल्या हबना मात्र क्लिअर चालेल, हार्डनर मिसळायचा टू-के पीयू, म्हणजे दोन घटकांचा पॉलियुरेथेन. तो पेट्रोलला दाद देत नाही. आधी हातमोजे घालून थिनरने पुसायचं आणि ब्रेक ड्रमची आतली बाजू झाकायची. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं, नाकाला रुमाल बांधून भागत नाही. हे काम नीट बूथ असलेल्या पेंटरलाच दे. पावडरचा क्लिअर कुणी सुचवेल, पण तो १८०-२०० अंशांवर भाजतात आणि जुन्या ओतीव भागात मुरलेलं तेल तापून बुडबुडे येतात.

स्टँड आणि ब्रॅकेट लोखंडी आहेत, त्यांना क्लिअर नकोच. ब्लास्टनंतर दमट हवेत काही तासांतच तांबूस झाक येते. त्याच दिवशी प्रायमर मार.

आणि बोल्टच्या आट्यांतले, कोपऱ्यांतले मणी धुऊन, हवा मारून काढ. एक जरी बेअरिंगमध्ये गेला तरी घात.

हब मेमध्येच करून घे. पावसाळी हवेत क्लिअर दुधी पडतो.

तुझा,
अविनाश