नाव न सांगता गेलेल्यांचे आभार

माझी पत्नी, कॉलेजातल्या मुलांच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम, गेल्या महिन्यात रक्ताच्या कर्करोगाने गेली. घरी भेटायला आलेल्यांचे आभार समोरासमोर मानले. हे त्यांच्यासाठी, ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत.

परळच्या टाटा रुग्णालयात प्लेटलेट देऊन गेलेले तुम्ही सगळे! प्लेटलेट जेमतेम ५ दिवस टिकतात, साठा करून भागत नाही. कोणीतरी पुन्हा पुन्हा यावंच लागतं. हातात सुई घेऊन तास-दीड तास बसून राहायचं, तेही अनोळखी बाईसाठी. चहासुद्धा न घेता ड्युटीवर पळालेला रेल्वेचा तो तरुण. धर्मशाळेत हिच्यासाठी मऊ भात शिजवणाऱ्या जळगावकडच्या मावशी, तुमचा तर स्वतःचा मुलगा वॉर्डात होता.

तुमच्यामुळे मिळालेल्या दिवसांत हिने आराम मुळीच केला नाही. जर्नल्स तपासली, आकृत्यांना नावं न देणाऱ्यांना फोनवरून झापलं, आणि कारवी सात वर्षांनी कशी फुलते यावर नर्सबाईंचा तासच घेतला.

तेराव्याऐवजी कॉलेजात रक्तदान शिबिर ठेवलं होतं. दरवर्षी ठेवणार आहोत. तुमच्यापैकी कोणी आलात तर ओळख मात्र द्या.