शिकाऊ विमानाच्या पडद्यावर शेजारचे विमान कसे दिसावे

मा. नागरी विमान वाहतूक मंत्री, भारत सरकार यांस,

स. न. वि. वि.

12 नोव्हेंबर 1996 रोजी चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन 349 जण गेले. त्यानंतर मोठ्या विमानांत टक्कर टाळणारी टीकास यंत्रणा सक्तीची झाली. गोंदिया, जळगावसारख्या ठिकाणी सर्किट मारणाऱ्या (सरावासाठी धावपट्टीभोवती ठरलेल्या फेऱ्या घेणाऱ्या) शिकाऊ विमानांना ती सक्ती नाही. तिथे सगळी भिस्त डोळ्यांवर.

डोळे पुरत नाहीत. प्रत्येकी 100 नॉटने (ताशी 100 सागरी मैल) समोरासमोर येणारी दोन विमाने एक सागरी मैल 18 सेकंदांत संपवतात. विमान दिसल्यापासून आपले विमान वळेपर्यंत अमेरिकी विमान प्रशासनाच्या कोष्टकानुसार 12.5 सेकंद जातात. शिवाय जे विमान धडकणार असते, ते काचेवर जागचे हलत नाही, नुसते मोठे होत जाते. आणि नजर हलत्या वस्तूकडेच आधी वळते.

म्हणून प्रत्येक शिकाऊ विमानात एडीएस-बी संदेश (विमान आपली जागा व उंची रेडिओवरून सतत कळवते ते) पाठवणारे व घेणारे उपकरण आणि शेजारची विमाने चिन्हांनी दाखवणारा पडदा सक्तीचा करावा. पाठवणे सर्वांनाच हवे, कारण जे विमान प्रक्षेपण करत नाही ते पडद्यावर उमटतच नाही.

नुसता पडदा बसवून मात्र भागणार नाही. संदेश तुटला तरी चिन्ह जुन्या जागी तसेच राहिले, तर 10 सेकंदांत खरे विमान 500 मीटर पुढे गेलेले असते. शिकाऊ वैमानिक रिकाम्या आकाशात शोधत बसतो. शिळे चिन्ह फिके व्हावे, मग पुसले जावे. दुसरी चूक दिशेची. 90 नॉट वेग आणि 20 नॉट आडवा वारा असेल, तर नाक मार्गापासून सुमारे 13 अंश वळलेले असते. प्रवासाचा मार्ग वरच्या बाजूला धरून काढलेल्या नकाशावरचे ‘दोन वाजताचे’ (घड्याळात समोर बारा धरले तर दोनच्या दिशेचे) विमान काचेतून वेगळ्याच जागी दिसते. या पडद्याला नाकाची दिशाच वर हवी.

रंगांबाबत आमचा आग्रह आहे. टीकासमध्ये पिवळसर गोल म्हणजे ‘सावध, शोधा’ आणि लाल चौकोन म्हणजे ‘यंत्रणा सांगते तसे वर किंवा खाली जा’. शिकाऊ विमानातला पडदा असा आदेश देत नाही, तेव्हा त्यावर लाल चिन्ह नकोच. हीच मुले उद्या एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये बसणार आहेत. सापेक्ष उंची शंभर-शंभर फुटांच्या मापात, अधिक-उणे चिन्हासह दोन आकड्यांत असावी: ‘+03’ म्हणजे 300 फूट वर. इशारा कानावर यावा, दिशा आणि उंची सांगून, म्हणजे नजर बाहेरच राहील.

मंजुरीपूर्वी ही उपकरणे भर उन्हात, सर्किटमध्ये चार-पाच विमाने असताना, शिकाऊ वैमानिकांच्याच हाती देऊन तपासावीत.

आपले,
वैमानिक प्रशिक्षण व कॉकपिट उपकरणांचे काम करणारे प्रशिक्षक आणि अभियंते