गारा मोजणारी पोरं रिकामटेकडी नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकांनी वळवाच्या ढगांमागे मोटारसायकली पिटाळणाऱ्या तरुणांना चांगलंच फैलावर घेतलं. घरात बूड टेकत नाही, रील काढायची खाज, पोलिसांनी गाड्या जप्त कराव्यात, असा एकूण सूर होता. रीलवाल्यांबद्दल ते जे बोलले त्यातलं एक अक्षरही मी खोडणार नाही. पण त्याच दमात त्यांनी आमच्या सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या ढग बघणाऱ्या पोरांनाही झोडपलंय. त्या पोरांच्या जिवावर माझ्यासारख्या बेदाणावाल्याचा माल वाचतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

मार्च-एप्रिलमध्ये तासगाव, कवठे महांकाळ, मिरज पूर्व या पट्ट्यात द्राक्षं शेडवर वाळत असतात. शेडला वर छप्पर असतं, पण बाजू उघड्या, कारण वारा खेळला नाही तर माल वाळतच नाही. नेमका तिथंच वळीव घात करतो. आडवा पाऊस आत घुसला की जाळीवरचा माल भिजतो, काळा पडतो, आणि सौद्यात काळ्या मालाला कुणी हात लावत नाही. चारी बाजूंनी ताडपत्र्या ओढून बांधायला गडी असले तरी अर्धा तास जातो. तो अर्धा तास आधी मिळाला तर वर्ष तरलं.

हवामान खात्याला मी दोष देत नाही. ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ असं ते सांगतात आणि ते खरंही ठरतं. त्यांच्या हिशेबात तुरळक म्हणजे चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी केंद्रांवर. आता जिल्हा पडला शिराळ्यापासून जतपर्यंत. वळवाचा एकटा ढग फार तर आठ-दहा किलोमीटर रुंदीचा, तासाभरात उठून, बरसून, विरून जाणारा. तो ढालगाववर फुटणार की नागजवर, हे सकाळी कुणीच सांगू शकत नाही. दुपारी रडार बघावं, तर त्यालाही मर्यादा आहे. रडारचा झोत सरळ जातो आणि खाली जमीन वळत जाते, त्यामुळे जितकं लांब जावं तितका झोत जमिनीपासून वर राहतो. दीडशे किलोमीटरवर तो साधारण अडीच किलोमीटर उंचीवरून जातो. गोव्याचं रडार आम्हाला त्याहूनही लांब. ढगाच्या पोटात काय चाललंय ते त्याला दिसतं, पण खाली शेतात पाणी पडतंय की गारा, हे तिथं उभ्या असलेल्या माणसालाच कळतं.

ही पोरं करतात काय, ते जरा सांगतो. कुणी बारावीचा, कुणी औषध दुकानात कामाला, एकजण शाळेत शिपाई. एप्रिल-मेच्या दुपारी तीननंतर जो तो आपापल्या गावातून आभाळ बघतो आणि व्हॉट्सॲपच्या गटावर लिहितो. ‘पूर्वेला ढग उठलाय, कडा कडक आहे.’ कडा कडक म्हणजे ढग अजून वर चढतोय. थोड्या वेळानं ‘माथा पिसकटला, ऐरण पसरली’ असं आलं की समजायचं, ढगाचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरला, तिथं बर्फ झाला आणि आता वीज कधीही. मग जो सगळ्यात जवळ असेल त्याचा निरोप येतो, बहुतेक वेळा दोनच शब्दांचा : ‘गार वारा.’ हा निरोप आला की मी जेवणाचं ताट सरकवून शेडकडे पळतो. ढगातल्या पावसाचं काही पाणी खाली येता येता हवेतच विरतं, त्यानं हवा थंड आणि जड होऊन धाडकन खाली कोसळते आणि जमिनीवर चारी दिशांना सुटते. पावसाच्या आधी धुरळ्याची भिंत येते ती हीच. पाऊस अजून दोन गावं पलीकडे असतो, पण पत्रे उडायला लागलेले असतात.

हे काही खेड्यापुरतं नाही. १३ मे २०२४ ला संध्याकाळी मुंबईवर अशीच धुळीची भिंत चालून आली आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर अवाढव्य जाहिरात फलक कोसळला. १७ माणसं गेली. फलक मुळात तसा उभा असायलाच नको होता, तो भाग वेगळा. मला एवढंच म्हणायचंय की असा वारा येतो तेव्हा जो भाग आधी सापडतो त्यानं पुढच्या भागाला कळवलं, तर पंधरा-वीस मिनिटं तरी हाताशी येतात.

आणि गारा. फळपीक विम्याचा हिशेब महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या आकड्यांवर चालतो. तिथं पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा यांची नोंद होते, गारेची होत नाही. गारपिटीसाठी जादा हप्ता भरून वेगळं संरक्षण घ्यावं लागतं आणि नुकसान झालं की पंचनाम्याची वाट बघावी लागते. तोवर गारा वितळून गेलेल्या असतात. मग साहेब बागेत उभं राहून विचारतात, गारा नक्की पडल्या का? फाटलेली पानं आणि सोललेल्या काड्या दाखवाव्यात, तर म्हणणार, वाऱ्यानंही होतं. या पोरांनी त्यावर साधा उपाय काढलाय. पाऊस थांबला की गार दोन रुपयांच्या नाण्याशेजारी ठेवून फोटो काढायचा, ठिकाण आणि वेळ टाकायची, आणि दोन-चार गारा पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाकायच्या. एकानं मला गार मधोमध कापून दाखवली. आत एक दुधी थर, एक काचेसारखा, पुन्हा दुधी. ढगात ती वाढत असताना कधी पाणी झटकन गोठलं, कधी सावकाश, त्याची ही वळी आहेत म्हणाला. बारावी नापास पोरगा हो तो! २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात गारपिटीनं शेतं झोपवली, तेव्हा गावोगावी अशा नोंदी ठेवणारं कुणी असतं, तर पंचनाम्यांवरून पुढं झाली ती भांडणं निम्म्यानं तरी कमी झाली असती, असं मला वाटतं.

आता रीलवाल्यांविषयी. वीज दिसली की दंडोबाच्या डोंगरावर चढणारी, हातात मोबाइल धरून कडाडण्याची वाट बघणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्यांना खाली उतरवायला पोलीस काय, गावच्या पाटलानंही काठी घेऊन जावं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात विजेनं २,८८७ माणसं मेली. वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. मोटारसायकल काही वाचवत नाही, झाड तर नाहीच नाही. अमेरिकेत वादळांच्या अभ्यासात हयात घालवलेले टिम समारस ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळच्या टॉर्नेडोत, म्हणजे ढगातून जमिनीवर उतरणाऱ्या वाऱ्याच्या भोवऱ्यात, मुलासह आणि सहकाऱ्यासह गेले. त्यांच्यासारख्या जाणत्याची ही गत, तर आपल्या हौशी वीरांचं काय?

पण त्याच अमेरिकेत याची दुसरी बाजूही आहे. तिथल्या हवामान खात्यानं साडेतीन ते चार लाख सामान्य माणसांना प्रशिक्षण देऊन निरीक्षक केलंय. साधारण दोन तासांचा वर्ग असतो, फुकट. ढग कसा ओळखायचा, काय कळवायचं, कुठं थांबायचं हे शिकवतात, आणि ढगामागे धावू नका हेही बजावून सांगतात. आमच्या पोरांनाही नेमकं हेच हवंय. त्यातली बरीच जण घराच्या दारात उभं राहूनच बघतात. पण गटावर आपला निरोप पहिला पडावा म्हणून एखादा माळावर जातोच, आणि ते थांबवायचं तर नुसतं दटावून भागणार नाही.

आपल्याकडे सोय नाही असं नाही. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही आपल्या गावचा पाऊस, गारा, धुळीचं वादळ नोंदवता येतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप तुमच्या भोवतालच्या वीस आणि चाळीस किलोमीटरमधली वीज दाखवतं. आमच्या गावात विचाराल तर दामिनी शंभरात पाच-दहा जणांना माहीत असेल, नोंदीची सोय एकालाही नाही. जतच्या माळावर शेळ्या-मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगराच्या साध्या फोनवर ॲप चालत नाही. त्याला कुणीतरी फोनच करावा लागतो. आमची पोरं तोही करतात, स्वतःच्या रिचार्जवर.

म्हणून तहसील कार्यालयाला विनंती आहे की मार्च उजाडायच्या आत प्रत्येक मंडळात एक दिवस हा दोन तासांचा वर्ग घ्यावा. कृषी सहायक, कोतवाल आणि ही पोरं यांना एकत्र बसवावं आणि गारांच्या फोटोंची नोंद तलाठ्यानं पंचनाम्याला जोडून घ्यावी. आपल्या दैनिकाकडेही एक मागणं आहे. रोज पहिल्या पानावर कमाल-किमान तापमानाची चौकट असते. एप्रिल-मेमध्ये तिच्याखाली नोंद कुठं करायची तो पत्ता आणि दामिनीचं नाव एवढ्या दोन ओळी छापाव्यात. जागा लागलीच, तर राशिभविष्यातून घ्या.

आपला नम्र,
एक बेदाणा उत्पादक
ता. कवठे महांकाळ, जि. सांगली