संग्रहालयात माग हवा, आणि मागाची भाषाही

महोदय,

येत्या 7 ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन आहे. 1905 साली याच तारखेला कलकत्त्यात स्वदेशी चळवळीची घोषणा झाली होती आणि तिच्या स्मरणार्थ 2015 पासून हा दिवस पाळला जातो. त्या निमित्ताने काळाचौकी येथील इंडिया युनायटेड मिल क्रमांक 2 व 3 च्या जागेवर उभारावयाच्या वस्त्रोद्योग संग्रहालयाविषयी एक मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मुंबई महापालिकेने या संग्रहालयाचे ठरवले त्याला बरीच वर्षे झाली. ते लवकर व्हावे असे गिरणगावातील प्रत्येकालाच वाटते. मात्र तेथे चिमणी, यंत्रे आणि छायाचित्रे ठेवून भागणार नाही. विणणाऱ्या माणसांची भाषा तेथे असली पाहिजे, कारण ती आमच्या डोळ्यांदेखत नाहीशी होत आहे.

मी लालबागमधील एका शाळेत एकोणतीस वर्षे मराठी शिकवले. मामा वरेरकरांची गिरणी कामगारांच्या जीवनावरील ‘धावता धोटा’ ही कादंबरी आहे. तिचे नाव फळ्यावर लिहिले की सुरुवातीच्या वर्षांत धोटा म्हणजे काय हे मुलेच मला सांगत, कारण कोणाचे वडील, कोणाचे आजोबा गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, होते. निवृत्त होण्यापूर्वीच्या शेवटच्या तुकडीत हा शब्द एकालाही ठाऊक नव्हता. होडीच्या आकाराचा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी बसवलेला, पोटात सुताची कांडी वागवणारा आणि ताण्याच्या, म्हणजे मागावर उभ्या लावलेल्या, वर-खाली झालेल्या धाग्यांमधून डावी-उजवीकडे आडवा धागा, म्हणजे बाणा, टाकत जाणारा धोटा मी फळ्यावर काढून दाखवला. मुलांना तो कळला, पण त्याचा आवाज मी कुठून आणणार होते? माझे वडील साळखात्यात दोन साच्यांवर, म्हणजे मागांवर, काम करीत. तेथील खडखडाटात बोलणे ऐकू येत नसे, म्हणून विणकर एकमेकांच्या ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलणे ओळखत; घरी आल्यावरही वडील मोठ्यानेच बोलत आणि समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत.

आज आपण कथेची ‘वीण’ घट्ट आहे म्हणतो, भाषेच्या ‘पोता’ची चर्चा करतो, गुन्ह्याचे ‘धागेदोरे’ शोधतो, कोणाचे कोणाशी ‘सूत’ जुळले ते सांगतो. हे शब्द मराठीला मागावरून मिळाले आहेत आणि त्यामागे मोठा इतिहास आहे. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या दख्खनच्या दोन बाजारपेठांचा उल्लेख असून तगरहून साधे कापड व मलमल भडोचच्या बंदराकडे जात असे, असे त्यात नोंदवले आहे. त्याच सुमाराच्या सातवाहन राजांच्या काळाशी जोडल्या गेलेल्या ‘गाथासप्तशती’ या प्राकृत काव्यसंग्रहात कापसाची शेते आहेत. संत नामदेव शिंपी होते आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झालेल्या त्यांच्या एका पदात मनाचा गज आणि जिभेची कात्री करून यमाचा फास कापण्याचे रूपक आले आहे. कपडा मोजणाऱ्या आणि बेतणाऱ्या हातांना जे सुचले, तेच महाराष्ट्रापासून पंजाबपर्यंत भक्तीची भाषा झाले, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

पैठणीविषयी वर्तमानपत्रांत पुष्कळ येते, पण ती पैठणी का, हे बहुधा सांगितले जात नाही. तिच्या पदरावरील मोर किंवा असावलीची वेल वरून भरलेली नसते; प्रत्येक रंगाच्या सुताची छोटी कांडी वेगळी ठेवून, तो रंग जेथे हवा तेथपर्यंतच आडवा नेऊन, शेजारच्या रंगात गुंतवून परत फिरवावा लागतो आणि म्हणून अस्सल पैठणीच्या पदराची उलटी-सुलटी बाजू सारखी दिसते. येवल्याचा विणकर यासाठी महिनोन् महिने मागावर बसतो. इरकली साडीच्या पदराचा ताणा वेगळा लावून तो अंगाच्या ताण्याला फास्यांनी जोडतात. इरकल आणि चोळीच्या खणांचे गुळेदगुड्ड ही दोन्ही गावे आज कर्नाटकात असली, तरी मराठी बायकांच्या लुगड्या-चोळ्यांचा इतिहास त्यांच्याशिवाय लिहिता येणार नाही. विदर्भातील टसरची करवतकाठी साडी, सोलापूरची चादर यांची नावे येथे केवळ घेते.

मुंबईच्या कापडाची गोष्ट याहून कठीण आहे आणि संग्रहालयाने ती कठीणच सांगावी. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये स्थापन केलेली ताडदेवची गिरणी 1856 मध्ये सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत कोकणातला आणि घाटावरचा शेतकरी येथे येऊन विणकर झाला. मदनपुऱ्यात उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांची वस्ती झाली. साळखात्यातील काम इतर अनेक खात्यांपेक्षा चांगल्या पगाराचे होते. परंतु धोट्यात नवी कांडी घातल्यावर सुताचे टोक त्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून बाहेर काढावे लागे आणि हेच कारण पुढे करून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्याबाहेर ठेवले जाई. 1928 च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय जाहीरपणे मांडला. ज्या तोंडाने सूत ओढायचे त्याच तोंडातून कापसाची धूळ फुप्फुसात जाई, हा भाग वेगळाच. धोटा काचेच्या कपाटात ठेवून खाली त्याचे केवळ नाव लिहिले, तर पाहणाऱ्याला यातले काय कळेल? त्याच्या शेजारी हे सगळे मराठीत, सविस्तर लिहिलेले असले पाहिजे.

बाबू गेनू हे स्वतः गिरणी कामगार होते आणि 12 डिसेंबर 1930 रोजी काळबादेवीत परदेशी कापडाच्या लॉरीसमोर त्यांनी प्राण दिले. कापडगिरणीत राबणाऱ्या माणसाने कापडासाठी मरण पत्करल्याची ही घटना मुंबईतली आहे, म्हणून हातमाग दिनाच्या कार्यक्रमांत त्यांचे नाव आवर्जून घेतले जावे.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माझ्या मागणीशी त्याचा संबंध एवढाच की त्या वेळी पंचविशीत असलेला विणकर आज सत्तरी गाठत आहे किंवा ओलांडून गेला आहे. काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे गेले. तेथील यंत्रमागांवर कांडीवाला, जॉबर (मुकादम), वहीफणी हे शब्द अजून ऐकू येतात, पण धोट्याचे मागही तेथे कमी होत असून बिनधोट्याचे माग त्यांची जागा घेत आहेत. साळखात्याचा शब्दसंग्रह गोळा करण्यासाठी फार थोडी वर्षे हातात आहेत.

म्हणून विनंती आहे की, संग्रहालयाच्या इमारतीची वाट न पाहता महापालिकेने हयात असलेल्या विणकरांच्या मुलाखती आतापासूनच ध्वनिमुद्रित कराव्यात आणि त्या कामात मुंबई विद्यापीठाचा मराठी विभाग व 1887 मध्ये स्थापन झालेली, या शहराला वस्त्रतंत्र शिकवणारी व्हीजेटीआय ही तंत्रशिक्षण संस्था यांना सहभागी करून घ्यावे. संग्रहालयात किमान एक खड्डामाग, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून चालवायचा हातमाग, आणि एक धोट्याचा गिरणीमाग रोज ठरावीक वेळ चालता ठेवावा, तो चालवण्यासाठी माहीतगार माणसे पगारावर नेमावीत आणि प्रत्येक भागाचे नाव आधी कामगारांच्या बोलीत लिहावे.

आमच्या चाळीतील चार वृद्ध विणकरांशी बोलून गेल्या दोन पावसाळ्यांत मी असे शब्द उतरवून घेतले आहेत. वहीफणीतली ‘वही’ म्हणजे ताण्याचे धागे उचलणारी दोऱ्यांची चौकट, हे मला त्यांच्याकडूनच समजले. त्यांपैकी एक आजोबा या वर्षी गेले. तार तुटल्यावर मारायच्या गाठीचे दोन प्रकार ते पुढच्या वेळी दाखवणार होते. उरलेल्या तिघांची प्रकृती अजून बोलण्याजोगी आहे. संबंधित विभागाने विचारणा केल्यास मी त्यांची गाठ घालून देईन आणि आतापर्यंतचे टिपणही सुपूर्द करीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, लालबाग, मुंबई