ओढणी ओळखली गेली : गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सादर नमस्कार.

पनवेलच्या बाजूला एका शाळेत मी सत्तावीस वर्षं शिकवलं. आता निवृत्त आहे. शाळेचं नाव लिहीत नाही आणि माझंही नाही, कारण त्या नावांवरून एक मुलगा ओळखू येईल. हे पत्र त्याच्या आईबद्दल आहे.

चौथीत होता तो. आई ऑर्केस्ट्रा बारमध्ये, म्हणजे जिथे वाद्यवृंदासह गाणी होतात अशा बारमध्ये, गायची. रात्री दीड-दोनला घरी यायची आणि सहाला उठून डबा करायची. पालकसभेला मात्र कधी चुकली नाही. स्नेहसंमेलनाला ती मोरपंखी रंगाची, काठाला बारीक आरसे लावलेली ओढणी घेऊन आली होती. मुलींनी तिच्याभोवती गराडा घातला, कारण प्रत्येकीला त्या आरशात स्वतःला बघायचं होतं.

पुढे एका रात्री बारवर धाड पडली. दोन दिवसांनी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अर्ध्या मिनिटाची चित्रफीत आली. बायका रांगेने बाहेर येतायत, माना खाली, तोंडं झाकलेली, आणि एकेकीला गाडीत बसवलं जातंय. तिसऱ्या बाईचा चेहरा अजिबात दिसत नव्हता. चेहऱ्यावर घट्ट धरलेली ओढणी तेवढी दिसत होती. मोरपंखी, काठाला आरसे.

खाली कुणीतरी लिहिलं, "ही आपल्या वर्गातलीच ना?"

तिच्यावर गुन्हा नव्हता, तिला सकाळी ठाण्यातून सोडून दिलं होतं. पण सोमवारी मुलगा शाळेत आला नाही. पंधरा दिवसांनी ती दाखला न्यायला आली. शाळा सोडण्याचं कारण काय लिहू, असं कारकुनाने विचारलं. "गावी जातोय, असं लिहा," ती म्हणाली. तिला गावी कुणी नव्हतं, हे मला माहीत होतं. ग्रुपवर मी तेव्हा एक अक्षरही लिहिलं नाही. ते आज लिहिते आहे, आणि आपल्याला लिहिते आहे, कारण ती चित्रफीत बारच्या आतूनच सुरू झालेली होती. धाड चालू असताना आत कॅमेरा धरायची मुभा कुणाला असते, हे मी आपल्याला काय सांगावं?

झडती आणि जप्तीचं चित्रण करणं नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे बंधनकारक आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. चित्रण झालं तर पोलिसांची आणि त्या बाईची, दोघांची बाजू नोंदली जाते. पण ते दंडाधिकाऱ्यांपुढे ठेवायचा पुरावा आहे. तो पालकांच्या ग्रुपवर कसा पोचतो? सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात देहविक्रय करणाऱ्या महिलांबद्दल सांगितलं की, अटक, धाड किंवा सुटकेच्या वेळी त्यांची ओळख उघड होणार नाही याची माध्यमांनी काळजी घ्यावी. मग रीतसर परवाना असलेल्या जागी माइकवर गाणाऱ्या बाईला एवढंही संरक्षण मिळू नये?

या बायकांशी आपल्या राज्याने कसा व्यवहार केला, तो इतिहास आपण जाणताच. १५ ऑगस्ट २००५ पासून डान्स बार बंद झाले. पंचाहत्तर हजारांवर बायकांचा रोजगार गेल्याचं न्यायालयात मांडलं गेलं. बंदी आणणाऱ्या त्याच कायद्यात तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती. तोच नाच महागड्या हॉटेलात कला ठरत होता आणि हायवेवरच्या बारमध्ये अश्लील. एप्रिल २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली आणि जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने एकमताने पुन्हा बंदी आणली. २०१६ मध्ये नवा कायदा आला आणि त्यातल्या बऱ्याच अटी सर्वोच्च न्यायालयाच्या १७ जानेवारी २०१९ च्या निकालाने गेल्या. ऑर्केस्ट्रा बारमध्ये चार बायका आणि चारच पुरुष, ही अटसुद्धा फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयालाच काढावी लागली. सतरा वर्षं या बायका दर वेळी कोर्टात जिंकत आल्या आणि दर वेळी घरमालकापुढे हरत आल्या.

खोली शोधायला मी एकदा त्या मुलाच्या आईबरोबर गेले होते. एजंटने आधी नवऱ्याचं विचारलं, मग कामाची वेळ विचारली. "रात्रीची ड्युटी," असं ती म्हणाल्यावर त्याने चावी परत खिशात घातली. पुढचं बोलणं त्याने माझ्याशीच केलं, तिच्याकडे बघितलंही नाही.

२०१६ च्या कायद्याच्या नावातच 'महिलांच्या प्रतिष्ठेचे संरक्षण' हे शब्द आहेत. मला एवढंच म्हणायचं आहे की, ते शब्द धाडीच्या रात्रीही लागू असावेत.

अल्पवयीन मुली असतील, कुणाला डांबून ठेवलं असेल, तर धाड पडलीच पाहिजे. त्या बाबतीत हात आखडता घ्या, असं मी मुळीच म्हणत नाही. पण बारमध्ये नवीन, कोवळी पोर आणली गेली की ते सगळ्यात आधी कुणाला कळतं? तिथे कपडे बदलणाऱ्या, एकमेकींचे केस बांधणाऱ्या बायकांनाच. खबर देऊ शकतील अशा त्याच आहेत. ज्या बाईला आपण गाडीच्या उजेडात रांगेत उभं केलं, ती उद्या ठाण्याची पायरी कशाला चढेल?

म्हणून मागते. धाडीतलं चित्रण फक्त तपास अधिकारी आणि न्यायालयाकडेच राहील, आणि ते बाहेर गेलं तर ज्याच्या ताब्यात होतं त्याच्यावर कारवाई होईल, असं परिपत्रक काढा. बाहेरच्या कॅमेऱ्यांना धाडीची वेळ आगाऊ कळवणं बंद करा. जिच्यावर गुन्हा नाही तिची नोंद साक्षीदार म्हणून करा, तिला रांगेत फिरवू नका. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, हे रात्री ड्युटीवर असलेल्या शिपायापर्यंत पोचू द्या. लेखी करार आणि बँक खात्यात मोबदला ही अट २०१९ च्या निकालानंतरही कायम आहे. ती मालकांकडून पाळून घ्या, म्हणजे भाड्याच्या खोलीसाठी तिच्याकडे दाखवायला एक कागद तरी असेल.

आणि पोलिसांच्या प्रेस नोटमधून 'बारबाला' हा शब्द काढा. पस्तिशीची, दोन मुलांची आई बाला नसते. गायिका असेल तर गायिका लिहा, वाढपी असेल तर वाढपी. गिऱ्हाइकाला तुम्ही 'ग्राहक' म्हणता, त्याचा चेहराही दाखवत नाही.

याच महाराष्ट्रात विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने सरकार तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. ते योग्यच आहे, मला त्याचा अभिमान आहे. पण विठाबाईंच्या पिढीने फडावर काय काय ऐकून घेतलं, ते माझ्या आईने मला सांगितलंय. हार घालायला आपल्याला इतकी वर्षं लागली.

दाखला घेऊन निघताना तिने मुलाची चित्रकलेची वही मागितली. ती माझ्या कपाटात होती, तपासायची राहिली होती. मी तशीच दिली. तिने ती पिशवीत घातली आणि विचारलं, "बाई, नवीन शाळेत आईचं काम काय लिहू?"

मला उत्तर देता आलं नाही. आपल्या खात्याकडून मी ते मागते आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, पनवेल