गच्ची आणि आवाराच्या कामाबद्दल अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था, रत्नागिरी

विषय : डांबरी शीट व पेव्हर ब्लॉकच्या प्रस्तावाचा फेरविचार करण्याबाबत.

महोदय,

गच्चीला डांबरी शीट आणि आवारात सरसकट पेव्हर ब्लॉक, असा प्रस्ताव नोटीस बोर्डावर वाचला. गळती थांबलीच पाहिजे. पण हे काम एकदा झाले की पुढची कित्येक वर्षे तेच सोबत राहणार, म्हणून आताच लिहिते.

वरच्या मजल्यावर मे महिन्यात रात्री दहा वाजता पंखा लावला की गरम हवाच खाली येते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर ती धग घरात सोडतो. काळी शीट ऊन आणखी शोषेल, एसी वाढतील, आणि आपल्या राज्यातली बरीचशी वीज कोळसा जाळूनच होते. त्याऐवजी वॉटरप्रूफिंगवर पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा चायना मोझॅक करावा. तो ऊन परतवतो. आपल्याकडे त्यावर शेवाळ धरणारच. दर ऑक्टोबरात घासून घेण्याचा खर्च आधीच धरावा. काही सभासद पत्र्याची शेड सुचवतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडचे पत्रे कसे उडाले ते आपण पाहिले आहे, आणि जे टिकतात त्यांना खारी हवा खाते.

मला जास्त काळजी पाण्याची वाटते. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. या हिशेबाने ४,००० चौरस फुटांच्या गच्चीवर ११ लाख लिटर पाणी पडते, तरी उन्हाळ्यात आपण टँकर मागवतो! आपल्या जमिनीतला जांभा दगड पाणी पितो, पण धरून ठेवत नाही. म्हणून नुसती आवारातली विहीर भरून भागणार नाही. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, पुढचे वाळू-खडीच्या गाळणीतून पार्किंगखालच्या टाकीत घ्यावे, जादा झालेले विहिरीत सोडावे. पावसाळाभर फ्लशला आणि धुण्याला हेच वापरायचे. परतीच्या पावसात टाकी भरून ठेवली तर ती उन्हाळ्यात उपयोगी पडेल.

हवामान बदलामुळे पाऊस आता कमी वेळात कोसळतो. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणने ते भोगले. सगळे आवार पेव्हरखाली गेले तर पाणी जिरायला जागाच उरणार नाही. गाड्यांपुरते जाळीचे ब्लॉक घालावेत, फाटकाजवळच्या आंब्याभोवतीची माती उघडीच ठेवावी.

वार्षिक सभेपूर्वी दोन्ही पद्धतींची दरपत्रके मागवावीत आणि सभासदांसमोर ठेवावीत, ही विनंती. विहिरीतला गाळ काढण्यासाठी पहिली वर्गणी माझी धरावी.

आपली विश्वासू,
सभासद, तिसरा मजला