लघु-गुरू नको, टाळी द्या

महोदय,

परीक्षा जवळ आल्या की ठाण्यात गोखले रोडपासून घोडबंदरपर्यंत क्लासच्या झेरॉक्स नोट्स फिरू लागतात. इंग्रजी कवितेच्या रसग्रहणात 'यमक : अ अ ब ब' लिहिले की झाले, असा त्यांचा थाट. छंदाबद्दल काही असलेच, तर लघु-गुरूच्या खुणा. आपल्या अक्षरगणवृत्तांची ती पट्टी इंग्रजीला लागत नाही. तिथे छंद आघातावर चालतो.

विल्यम ब्लेकची 1794 मधली 'द टायगर' घ्या. पहिली ओळ टाळीवर म्हणा : टाय्-गर, टाय्-गर, बर्-निंग, ब्राइट. टाळ्या 4, उच्चारखंड (सिलेबल) 7. आधी जोर, मग उतार अशी जोडी म्हणजे ट्रोकी. चौथ्या जोडीतला उतार कवीने गाळला आहे, म्हणून ओळ घण घातल्यासारखी थांबते. पुढे हातोडा, भट्टी, ऐरण येतात, त्यांना हे शोभतेच. खंड मोजताना मात्र देवनागरी फसवते. 'ब्राइट'ची अक्षरे तीन दिसतात, खंड एकच. 'फायर' तर सहाव्या ओळीत 2 खंडांचा धरावा लागतो आणि आठव्या ओळीत 1 खंडाचा!

चौथ्या ओळीत चाल बदलते. 'कुड फ्रेम दाय फिअरफुल सिमेट्री' : खंड 8, तोंडाशी बिनजोराचा 'कुड', म्हणजे चाल आयंबिक : आधी उतार, मग जोर. 24 ओळींपैकी 4, 10, 11, 18, 20 आणि 24 या ओळी अशा आहेत. नोट्समध्ये सरसकट 'ट्रोकाइक' छापतात. 'सिमेट्री'त जोर 'सि'वर हवा. आपल्याकडे तो 'मे'वर पडतो आणि ताल तिथेच मोडतो. शब्दकोशातली आघाताची उभी खूण जोराच्या खंडाआधी असते. मुले ती आधीच्या खंडाची समजतात, आणि इतर शब्दांतही जोर चुकतो.

यमकाच्या 12 जोड्यांपैकी 10 चोख आहेत. पहिल्या आणि शेवटच्या कडव्यातली 'आय-सिमेट्री' आजच्या उच्चारात जुळत नाही, तेव्हा 'अ अ ब ब'शेजारी हा अपवाद लिहायलाच हवा. शेवटचे कडवे म्हणजे पहिल्याचीच पुनरुक्ती, असेही वाचायला मिळते. तसे नाही. 'कुड' जाऊन 'डेअर' येतो : घडवू 'शकेल'चे घडवू 'धजेल' होते. 'डेअर' वजनदार शब्द, त्यामुळे 'डेअर फ्रेम' असे दोन आघात लागोपाठ बसतात.

ठाण्यातल्या शाळांनी या कवितेचा निदान एक तास तरी फळ्याऐवजी टाळीवर घ्यावा.

— एक इंग्रजी शिक्षक, नौपाडा, ठाणे